खालून पहिला

महाराष्ट्रात बुद्धिमत्ता हा शाळेतला एक विषय आहे. त्याला १०० गुण आहेत, ५० प्रश्न आहेत, त्याचं गाईड मिळतं आणि त्याचा क्लासही लावता येतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९५४-५५ पासून चौथी आणि सातवीला होणारी ही परीक्षा २०१७ साली पाचवी-आठवीला गेली, पण ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा भाग कायम राहिला. गटात न बसणारं पद ओळखा. या आकृतीची आरशातली प्रतिमा कोणती? २, ६, १२, २० यानंतर कोणती संख्या येईल? रांगेत राजू समोरून सातवा आणि मागून बारावा आहे, तर रांगेत मुलं किती? मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी या राजूला रांगेत उभं केलं आहे.

आमच्या वऱ्हाडातल्या पातूरसारख्या तालुक्याच्या गावात हा विषय शिष्यवृत्तीपुरता राहत नाही. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत तोच प्रकार. आणि पुढे भरती. पहाटे वाशीम रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं-मुली दिवसभर अभ्यासिकेत बसून पुन्हा त्याच आकृत्या मनात फिरवत असतात, कारण पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरणाच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी आहे. ‘बुद्धिमत्तेत किती पडले?’ हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला प्रश्न आहे. दोन गुणांनी भरती हुकलेला मुलगा वर्षभर तयारी करतो आणि पुढच्या खेपेला चांगले दहा गुण जास्त मिळवतो. त्या वर्षात त्याची बुद्धी वाढली, की कोडी सोडवायची सवय वाढली? ज्या मापाने आपण पोरांची आयुष्यं इकडची तिकडे करतो, ते माप नेमकं काय मोजतं हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

मानसशास्त्रज्ञांचं यावर कधीच पूर्ण एकमत झालेलं नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या एका शैक्षणिक नियतकालिकाने नामवंत अभ्यासकांना विचारलं, बुद्धिमत्ता म्हणजे काय? चौदा जणांनी उत्तरं दिली आणि ती चौदा वाटांनी गेली. कुणी म्हणालं अमूर्त विचार करण्याची ताकद, कुणी म्हणालं शिकण्याची क्षमता, कुणी नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यावर भर दिला. दोन वर्षांनी एडविन बोरिंग यांनी हात टेकल्यासारखं सांगून टाकलं की चाचण्या जे मोजतात तीच बुद्धिमत्ता. व्याख्या ठरण्याआधीच माप बाजारात आलं, ही या शास्त्राची जन्मकथा आहे.

पण ते माप पहिल्यांदा कशासाठी केलं गेलं, तिकडे मला सगळ्यांचं लक्ष वेधायचं आहे. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि सगळ्या थरांतली मुलं वर्गात येऊन बसली. काही मागे पडू लागली. अशा मुलांना केवळ शिक्षकाच्या मर्जीवर, ‘याला काही येत नाही’ म्हणून बाहेर काढलं जाऊ नये, त्यांना खरंच वेगळ्या मदतीची गरज आहे की नाही हे नीट ठरवता यावं, यासाठी १९०४ मध्ये एक समिती नेमली गेली. तिच्यातले आल्फ्रेड बिने यांनी थिओदोर सिमोन यांच्यासोबत १९०५ साली ३० प्रश्नांची मोजपट्टी केली. सुरुवातीचे प्रश्न अगदी साधे: पेटत्या काडीच्या मागे मुलाची नजर फिरते का? कागदात गुंडाळलेला खाऊ ते कागद काढून खातं का? मग चढत्या क्रमाने: ऐकलेले आकडे परत सांगणं, माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय, लाकूड आणि काच यांत फरक काय.

बिने यांनी स्वतः बजावून ठेवलं होतं की हे कापड मोजण्यासारखं मोजणं नव्हे. बुद्धी ठरावीकच असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांविरुद्ध त्यांनी १९०९ साली एका पुस्तकात कळकळीने लिहिलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी व्यायाम बसवले. त्यातला एक खेळ पुतळ्याचा: इशारा मिळताच मुलांनी आहे तसं थिजून उभं राहायचं, रोज थोडा थोडा वेळ वाढवत जायचं. लक्ष एकवटायला शिकवण्याची ही सुरुवात होती. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, बिने गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं, आणि बुद्ध्यांक जन्माला आला. मदत शोधण्यासाठी केलेल्या पट्टीचा आकडा झाला, आणि तो आकडा माणसाच्या कपाळावर लिहिल्यासारखा वाचला जाऊ लागला.

आज बुद्ध्यांक भागाकाराने काढत नाहीत. डेव्हिड वेक्स्लर यांच्या पद्धतीने तुमच्या वयाच्या लोकांची सरासरी १०० धरली जाते आणि तुम्ही तिच्यापासून किती वर किंवा खाली आहात ते पाहिलं जातं. साधारण दोन-तृतीयांश माणसं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. म्हणजे बुद्ध्यांक ही डोक्यात साठलेली कसलीही राशी नाही. ती रांगेतली जागा आहे. राजू समोरून कितवा आणि मागून कितवा, एवढंच ती सांगते. सगळी रांगच दहा पावलं पुढे सरकली तरी राजूचा आकडा तोच राहतो. आणि रांग खरोखर सरकली आहे: जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकी लोकांची कामगिरी जवळपास १४ गुणांनी उंचावली होती. पुढे १४ देशांच्या आकड्यांतही त्यांना हाच कल दिसला. इतक्या थोड्या वर्षांत माणसाची जात बदलत नाही. शाळा बदलते, आहार बदलतो, आजूबाजूचं जग आकृत्यांनी आणि चिन्हांनी भरून जातं. आमच्या भागात आजोबांनी अंगठा उठवलेल्या घरातली नात आज आरशातल्या प्रतिमेचा प्रश्न क्षणात सोडवते. आजोबा मंद नव्हते. त्यांना कागदावरच्या आकृतीशी कधी कामच पडलं नव्हतं.

तरीही चाचण्या खोट्या आहेत असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या कामगिरीचा हिशेब मांडला तेव्हा त्यांना दिसलं की एका कामात सरस असलेलं मूल बहुतेकदा दुसऱ्यातही बरं असतं. या सगळ्यांच्या मुळाशी एक सामान्य घटक असावा, असा तर्क त्यांनी केला. त्या घटकाचा अर्थ काय यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. पण एकमेकांत गुंतलेले ते आकडे पुन्हा पुन्हा तसेच मिळाले आहेत. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या मुलांची, ८७,४९८ जणांची, एकाच दिवशी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना ६६ वर्षांनी तोच पेपर पुन्हा दिला गेला, आणि लहानपणी वर असलेली बरीच माणसं म्हातारपणीही वरच सापडली. थर्स्टन यांनी एका घटकाच्या जागी सात क्षमता मांडल्या, रेमंड कॅटेल यांनी नव्या कोड्याशी झुंजणारी बुद्धी आणि अनुभवाने साठत जाणारी बुद्धी अशी फोड केली, गिलफर्ड यांनी तर १२० कप्पे केले. गिलफर्ड यांचं नाव महाराष्ट्राला परकं नाही. अप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत त्यांच्याच मांडणीवर आधारलेल्या चाचण्यांवर वर्षानुवर्षं काम झालं. हुशार मुलं हेरून त्यांच्याकडून समाजाचं काम करवून घ्यायचं, हा त्यामागचा हेतू. हेतू मोठा होता. मला फक्त हे नोंदवायचं आहे की बिने रांगेच्या एका टोकाला उभे होते आणि आपण पुढे दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलो.

मराठीत हे माप आलं ते तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातून. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात टर्मन यांच्या चाचणीचं कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केलं. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० साली आलं. बिने-कामत चाचणी आजही देशभर वापरली जाते. दुसरं काम आमच्या अधिक जवळचं, नागपूरचं. तिथल्या आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप सिद्ध केलं, सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आणि त्यांनीच व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मोजपट्टीचं रूपांतर केलं, जे ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखलं जातं.

या व्हाइनलँडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यू जर्सीतल्या या संस्थेत मतिमंद म्हटली जाणारी मुलं राहत. तिथे हेन्री गोडार्ड यांनी १९०८ साली बिने यांची चाचणी अमेरिकेत आणली आणि बिने यांना नको होता तोच अर्थ तिला चिकटवला: बुद्धी रक्तातून येते, ती बदलत नाही, कमी बुद्धीच्या माणसांची वंशवेल वाढू देऊ नये. त्या विचाराने अमेरिकेत पुढे हजारो माणसांचं आयुष्य नासवलं. आणि त्याच संस्थेत १९३५ साली एडगर डॉल यांनी वेगळीच पट्टी केली. कोडी नाहीत, आकृत्या नाहीत. मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं, एवढंच त्याला सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचं.

ही पट्टी वापरली जाताना मी पाहिली आहे. पातूर तालुक्यातल्या एका आईबरोबर तिच्या मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो होतो. मुलगा अकरा-बारा वर्षांचा, आईचा पदर धरून बसलेला. तपासणाऱ्या बाई समजुतीने विचारत होत्या. सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावतो का? लावते, पण वरची एक चुकते. स्वतःच्या हाताने जेवतो का? जेवते. गावात एकटा फिरतो का? फिरते, सगळे ओळखतात त्याले. दुकानातून सामान आणतो का? इथे आई थांबली. ‘आणते ना मॅडम. पण पैसे नाही मोजत. दुकानदार ओळखीचा हाय, तो बरोबर देते वापस.’

बाईंनी खूण करायला पेन टेकवलं आणि क्षणभर तसंच ठेवलं. मुलगा सामान आणतो, हे खरं. पैसे मोजत नाही, हेही खरं. त्याला जे येत नाही त्याची जागा गावाने भरून काढली आहे, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? शहरात हाच मुलगा त्या प्रश्नाला नापास झाला असता. आणि आईची कोंडी आणखी वेगळी. प्रत्येक ‘हो’ म्हणताना तिला लेकाचा अभिमान होता आणि प्रत्येक ‘हो’गणिक प्रमाणपत्रावरची अपंगत्वाची टक्केवारी घसरणार होती. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. एसटीची सवलत, अनुदान, सगळं त्या आकड्याला टांगलेलं. तिने एकाही प्रश्नाचं उत्तर खोटं दिलं नाही. पण मुलाला काय येतं ते सांगताना त्याचा हक्क कमी होतोय की काय, ही भीती आईला वाटू नये अशी पद्धत आपल्याला करता आली पाहिजे.

एवढं असूनही त्या खोलीतलं मोजमाप मला शिष्यवृत्तीच्या पेपरापेक्षा बिने यांच्या जास्त जवळचं वाटलं. तिथे प्रश्न होता, या मुलाला कशाची गरज आहे?

आता ‘गटात न बसणारं पद ओळखा’ या प्रश्नाची दुसरी बाजू. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले आणि निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी चार चित्रं दाखवली: हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका. यातलं वेगळं कोणतं? शाळा शिकलेला माणूस ओंडका काढून टाकतो, बाकी तीन हत्यारं. ते शेतकरी म्हणाले, चारही लागतात, ओंडका नसेल तर करवतीचं काम काय? मी हाच प्रकार आमच्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याला वऱ्हाडी शब्दांत विचारला. तिफन, डवरा, वखर आणि पऱ्हाटी, आबाजी, यातलं वेगळं कोणतं? पुस्तकाचं उत्तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कारण ते पीक आहे आणि बाकीची अवजारं. ते म्हणाले, ‘तिफन. पऱ्हाटीले तिफन कायले पायजे? थे तं टोबा लागते.’ कपाशीच्या वावरात आधी वखर चालतो, पिकात डवरा चालतो, पण सरकी तिफनीने पेरत नाहीत, हाताने टोबतात. वर्गीकरण चोख होतं. फक्त ते कामाच्या क्रमाने केलेलं होतं आणि उत्तरपत्रिकेत त्याला शून्य मिळालं असतं.

शाळेने शिकवलेलं वर्गीकरण कमी दर्जाचं आहे असं माझं म्हणणं नाही. वस्तूला तिच्या कामापासून सोडवून विचारात घेता येणं ही फार मोठी ताकद आहे, विज्ञान तिच्यावर उभं आहे, आणि आमच्या प्रत्येक मुलीला ती मिळायला हवी. पण ती शिकवली जाणारी ताकद आहे. ज्याला ती शिकायला मिळाली नाही त्याला बुद्धी नाही, असं त्यातून निघत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांनी धंद्यातले ९८ टक्के हिशेब अचूक केले आणि तेच आकडे कागदावर बेरीज-गुणाकार म्हणून दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत खाली आलं. आमच्या आठवडी बाजारात ढेमसं, वांगी, सांभार विकायला आईबरोबर बसणाऱ्या पोरीच्या बाबतीत कुणी असं मोजलं आहे का, असा विचार हा अभ्यास वाचल्यापासून माझ्या मनात येतो.

आणि दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. अख्ख्या बांधीत तीन. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या हंगामात पुन्हा निवडल्या, रानडुकरांपासून राखल्या, आणि वर्षांमागून वर्षं हे करत एक बारीक, चवीचा वाण उभा केला. तो एचएमटी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण प्रसारित केला. त्याच्या श्रेयावरून पुढे बराच वाद झाला. दादाजी ३ जून २०१८ ला गेले. ‘गटात न बसणारं पद ओळखा’ हा प्रश्न त्यांच्याइतका नीट सोडवणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. पण त्यांच्या पुढ्यात चार पर्याय छापलेले नव्हते. प्रश्न आहे, हेच आधी त्यांना दिसावं लागलं. चाचणीत प्रश्न दुसरा कुणीतरी देतो. शेतात, कारखान्यात, घरात तो आपल्याला शोधावा लागतो, आणि शोधण्याची ही कुवत मिनिटं लावून मोजायची रीत अजून तरी सापडलेली नाही.

चाचणीत न मावणाऱ्या कुवतीचं आणखी एक उदाहरण पातूरच्या टेकडीत आहे: खडकात कोरलेली, साधी लेणी. मालिन यांच्या चाचणीत रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची असते, चुकलं तर ठोकळा उचलून पुन्हा ठेवता येतो. लेणं कोरणाऱ्याला ती मुभा नसते. एकदा उडवलेला दगड परत बसत नाही, म्हणून जे ठेवायचं ते आधीच मनात पूर्ण उभं असावं लागतं, खांबासकट. हे काम करणाऱ्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. २०१३ साली आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच शेतकऱ्याला कापणीआधी, हात तंगीत असताना, आणि कापणीनंतर, पैसा आल्यावर, आकृत्यांच्या कोड्यांची चाचणी दिली. तोच माणूस पैसे येण्याआधी कमी पडला. त्यांच्या पद्धतीवर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते वाचायला हवेत. पण वऱ्हाडात राहणाऱ्याला त्या निष्कर्षाचं नवल वाटत नाही. जूनमध्ये कृषी केंद्राची उधारी, पीककर्जाचं नूतनीकरण, मृग कोरडा गेला तर दुबार पेरणीची धास्ती. विदर्भात उन्हामुळे शाळाही त्याच जूनच्या अखेरीस उघडतात. घरातलं प्रत्येक डोकं ज्या आठवड्यांत बियाणं आणि व्याजाचा हिशेब करत असतं, त्याच आठवड्यांत पोरं नव्या वर्गात बसतात. डोक्यात किती जागा उरली आहे, हे ज्याच्या त्याच्या घरच्या सातबाऱ्यावर आणि ढगांवरही ठरतं. त्यात घरी वऱ्हाडी, उर्दू किंवा गोरमाटी बोलणारं मूल पुस्तकी मराठीतल्या सूचना वाचतं आणि ७५ प्रश्नांना ९० मिनिटं असतात.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो येतात, शाळेबाहेर फलक लागतो, गुरुजींचा सत्कार होतो. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात आणि त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण ही परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेकडे त्याच दिवशी आणखी एक माहिती आलेली असते, जिला कुणी हात लावत नाही: आमच्याकडच्या आलेगावच्या, चान्नीच्या, मळसूरच्या शाळेतलं कोणतं मूल कोणत्या प्रकारच्या प्रश्नाशी अडखळलं, शब्दांच्या की आकृत्यांच्या की संख्यांच्या, की शेवटचे वीस प्रश्न नुसतेच कोरे राहिले. जे मूल खालून पहिलं आलं त्याची उत्तरपत्रिका एवढ्या टिपणासह त्याच्या गुरुजींच्या हातात पडली पाहिजे, जूनमध्ये, शाळा उघडायच्या पहिल्या आठवड्यात, आणि गुरुजींना त्याच्यासाठी रोजचा अर्धा तास मोकळा मिळाला पाहिजे.